पाच सेकंद उशिरा

एका गुलाबी प्राण्याबद्दल माझं मत वीस वर्षं चुकीचं होतं, हे सांगायला बसलो आहे. प्राणी खराखुरा नाही. पोकेमॉन नावाच्या व्हिडिओ गेममधला आहे, नाव स्लोपोक. जपानमध्ये त्याला यादोन म्हणतात. पस्तिशीच्या माणसाने असल्या विषयावर पानं काळी करावीत का, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नुसतं मनातल्या मनात मत बदलून गप्प बसणं जमेना, कारण या प्राण्याला मी जी नावं ठेवली, तीच नावं एका माणसालाही ठेवली होती. तो माझा सख्खा मोठा भाऊ.

आधी प्राण्याची ओळख करून देतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयवर पोकेमॉनचे पहिले दोन गेम जपानमध्ये आले, तेव्हापासून स्लोपोक त्यात आहे. क्रमांक ७९, उंची १.२ मीटर, वजन ३६ किलो. चार पाय, अर्धवट उघडं तोंड, कुठेच न बघणारे डोळे आणि मागे जाडजूड शेपूट. प्रत्येक पोकेमॉनला ताकद, बचाव, वेग असे ठरलेले आकडे असतात. पिकाचूचा वेग ९०. स्लोपोकचा १५, मूळच्या १५१ पोकेमॉनांत सगळ्यात कमी. गेममध्ये पोकेडेक्स नावाची एक माहितीवही असते. पहिल्या गेममध्ये तिच्यात याच्याबद्दल लिहिलं होतं की हा इतका संथ आणि बधिर आहे की मार बसल्यावर दुखतंय हे कळायलाच याला पाच सेकंद लागतात.

हे वाचून मी खो खो हसलो होतो. दादाने वाचलं, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घड्याळ लावून कोण बसलं असेल?"

हे २००३ सालचं. आम्ही लातूरला राहायचो. मी नववीत, दादा आयटीआय करून एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागलेला. टीव्हीवर पोकेमॉन हिंदीतून सुरू झालं होतं आणि चिप्सच्या पुड्यांतले टाझो वर्गात चलनासारखे फिरत होते. माझ्या "अभ्यासासाठी" घरात सेकंडहँड कॉम्प्युटर आला, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे दादाच्या पगारातले. क्लासमधल्या एका मित्राने सीडीवर गेम आणून दिले, रेड आणि गोल्ड. लोडशेडिंगचे तास सोडून उरलेल्या वेळात आम्ही आळीपाळीने खेळायचो. माझा फोल्डर वेगळा, दादाचा वेगळा.

मी सुसाट खेळायचो. समोर कुणी बोलायला लागलं की बटण दाबत राहायचं, मजकूर सरकत जायचा, न वाचताच पुढे. माझा टायफ्लोजन नावाचा पोकेमॉन विजेसारखा धावायचा आणि समोरच्याला हलायच्या आत भाजून काढायचा. दादा प्रत्येक पाटी वाचायचा. गेम इंग्रजीत, दादाचं शिक्षण मराठीत. कीबोर्डशेजारी पुठ्ठा निघालेली डिक्शनरी. मी आठवड्यात जितका पुढे गेलो, तितकं जायला त्याला दोन महिने लागले. आणि टोळीत सगळ्यात पुढे कोण, तर स्लोपोक.

"दादा, याला काढून टाक. मंद आहे."

तो काही बोलला नाही. त्याचं तसंच होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायचं, पण आपण प्रश्न विसरून गेल्यावर. घरात त्याला कौतुकाने "आमचं मालगाडीचं इंजिन" म्हणायचे. मी म्हणायचो त्यात कौतुक नव्हतं.

स्लोपोक सदतिसाव्या लेव्हलला पोचला की त्याचं रूप बदलतं. शेल्डर नावाचा एक शिंपला त्याच्या शेपटीला चावून तिथेच चिकटतो, आणि स्लोपोक दोन पायांवर उभा राहून स्लोब्रो होतो. आकडे वाढतात, वेगही १५ वरून ३० होतो. कुणीही शहाणा खेळाडू याची वाटच बघत असतो. पण रूप बदलत असताना 'बी' बटण दाबलं तर बदल थांबतो. दादा सदतिसाव्या लेव्हलला 'बी' दाबायचा. अडतिसाव्यालाही. प्रत्येक वेळी दाबायचा. मी डोक्याला हात लावायचो. म्हणायचा, "बरा आहे की असाच."

गोल्ड गेममध्ये अझेलिया टाउन म्हणून एक गाव आहे. तिथे विहिरीत स्लोपोक राहतात, आणि टीम रॉकेट ही गुंडांची टोळी त्या विहिरीत उतरून त्यांच्या शेपट्या कापून विकते. खवय्यांसाठी. आपण विहिरीत उतरून त्यांना पळवून लावायचं. मी हा भाग पंधरा मिनिटांत संपवला आणि विसरलो. दादा तिथे अडकून पडला. त्या आधीच्या रस्त्यावर एक माणूस भेटतो, तो स्लोपोकची शेपटी विकायला उभा असतो. किंमत दहा लाख. गेममध्ये आपल्या पाकिटात जास्तीत जास्त ९,९९,९९९ मावतात. म्हणजे जन्मभर खेळलात तरी एक कमीच पडणार. हे शोधून काढायला दादाने किती दिवस पैसे साठवले असतील देव जाणे. मी विचारलं, "कशाला पाहिजे तुला शेपटी?" तर म्हणाला, "मला नको. कापलीच आहे तर विहिरीत तरी नेऊन ठेवावी." मी हे वर्गात सांगून दोन दिवस हशा पिकवला.

पुढे २००७ मध्ये मी इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा कॉम्प्युटरला व्हायरसने ग्रासलं होतं. एका दुपारी मी तो फॉरमॅट मारून टाकला. माझं सगळं मी आधीच सीडीवर घेतलं होतं. दादाचा फोल्डर घ्यायचा राहिला. राहिला म्हणजे, लक्षातच आला नाही. संध्याकाळी तो दुकानातून आला, हात धुतले, कॉम्प्युटर लावला, रिकाम्या डेस्कटॉपकडे बघितलं. मी म्हणालो, "अरे, गेला वाटतं तुझा गेम." तो म्हणाला, "असू दे." मला सुटल्यासारखं झालं. त्याला काही वाटलेलं नाही, असं मी धरून चाललो. विषय संपला.

हॉस्टेलवर मी पोकेमॉन नव्याने शिकलो. आकडे, कोष्टकं, डावपेच. तिथे मला ट्रिक रूम ही चाल भेटली. २००६ च्या डायमंड आणि पर्ल या गेमांत ती पहिल्यांदा आली. ही चाल खेळली की पाच फेऱ्यांपुरता न्याय उलटा होतो: जो सगळ्यात संथ, त्याचा वार सगळ्यात आधी. गंमत म्हणजे ही चाल स्वतःही फेरीत सगळ्यात शेवटी लागू होते. मार खात थांबायचं, आणि मग पारडं फिरवायचं. स्लोब्रो आणि त्याचा हुशार भाऊबंद स्लोकिंग या डावात भारी पडतात. मी त्या दोघांना घेऊन बऱ्याच पैजा जिंकलो. मित्रांना व्याख्यानं द्यायचो की संथपणा हीसुद्धा ताकद असते, वगैरे.

माझं मत तेव्हा बदललं असं सांगता आलं असतं, गोष्टही गोजिरी झाली असती. पण ते खरं नाही. मला संथपणा पटला नव्हता, तो पाच फेऱ्यांपुरता पहिला नंबर काढून देतो म्हणून वापरायला बरा वाटत होता. मोजपट्टी तीच होती, फक्त उलटी धरली होती. आणि मी वापरत होतो ते स्लोब्रो आणि स्लोकिंग. स्लोपोकला, त्या पंधरा आकड्यावाल्या मूळ प्राण्याला, मी एकदाही डावात घेतलं नाही.

मधल्या काळात दादाने स्वतःचं दुकान टाकलं. त्याचं काम एकदा जवळून बघितलं पाहिजे. जळालेली सबमर्सिबल मोटर येते. तिच्या खाचांमधून काळी पडलेली तार ओढून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा, आणि मग नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची. एका खाचेत जितके वेढे ठरलेत तितकेच. दोन कमी भरले तरी मोटर चालते, पण तापते, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत जळते. वेढे मोजताना दादा कुणाशी बोलत नाही. तुम्ही विचारलेलं ऐकू गेलेलं असतं. तो खाच पूर्ण करतो, कागदावर आकडा लिहितो, मग मान वर करतो. मी दर खेपेला तेवढ्या वेळात चिडून बाहेर चहाला गेलेलो असायचो.

२०१६ च्या उन्हाळ्यात आई गेली. तोच तो उन्हाळा, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. बोअर कोरडे पडले की मोटरी पाण्याविना फिरून जळतात, त्यामुळे दादाच्या दुकानात जळक्या मोटरींची रांग लागली होती. दादा रडला नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसला. मी पुण्याला निघताना त्याला म्हणालो, "तुला काही वाटतच नाही रे. दगड आहेस तू." तो तार भरत होता. खाच पूर्ण व्हायच्या आत मी रिक्षात बसलो होतो. 

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. दिवाळीच्या सुमारास वहिनीचा फोन आला. नळाला पाणी आलं होतं आणि दादाने घरातलं होतं नव्हतं ते भांडं भरून ठेवलं, आई भरायची तसं. शेवटी तिची तांब्याची गुंडी भरली आणि तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला तो तासभर उठला नाही. "आत्ता कुठे," वहिनी एवढंच म्हणाली. मी "हं" म्हणालो. मला तेव्हाही काही कळलं नाही. उशिरा का होईना, रडला एकदाचा, असं वाटलं, बस.

कळायला मला आणखी सात वर्षं लागली. मंद कोण, ते तुम्हीच ठरवा.

२०२३ मध्ये कंपनीच्या कामाने दोन महिने ओसाकाला होतो. एका शनिवारी सुट्टी मिळाली म्हणून ओकायामामार्गे, समुद्रावरचा तो लांबलचक पूल ओलांडून, ताकामात्सूला गेलो. ताकामात्सू ही कागावा प्रांताची राजधानी. कागावा क्षेत्रफळाने जपानमधला सगळ्यात छोटा प्रांत, आणि प्रसिद्ध कशासाठी, तर उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांसाठी. इतका की २०११ पासून हा प्रांत स्वतःची जाहिरातच 'उदोन प्रांत' म्हणून करतो. स्टेशनजवळ चालताना पायाखालच्या मॅनहोलच्या झाकणाकडे लक्ष गेलं. त्यावर रंगीत स्लोपोक.

मग तो जिथे तिथे दिसायला लागला. कारण साधं आहे आणि थोडं बालिश आहे: उदोन, यादोन. यमक जुळतं. एवढ्यावरून २०१८ मध्ये प्रांताने स्लोपोकला रीतसर आपला प्रचारक नेमलं. ज्याला मी टोळीतून काढून टाकायला सांगत होतो, त्याला एका अख्ख्या सरकारने कामावर घेतलं होतं.

उदोनच्या दुकानात बसलो. तिथला मुलगा मोडक्या इंग्रजीत सांगत होता की कणीक पायांनी तुडवतात आणि मग तिला झोपवतात. त्यांच्या भाषेत मुरायला ठेवण्याला झोपवणं म्हणतात. न झोपलेल्या कणकेची शेवई तुटते. आणि इथे भाताऐवजी गहू का, तर पाऊस कमी. सेतो समुद्राच्या या काठाला दोन्ही बाजूंनी डोंगर, ढग डोंगरांपलीकडेच रिकामे होतात. ताकामात्सूचा वर्षाचा पाऊस साधारण साडेअकराशे मिलिमीटर, जपानच्या मानाने फार कमी. नद्या आखूड, पाणी थांबत नाही. म्हणून या इवल्याशा प्रांतात हजारो तळी खणलेली आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं मान्नो तळं कूकाई या बौद्ध भिक्षूने इसवी सन ८२१ मध्ये दुरुस्त करून घेतलं असा इतिहास आहे. आता तर शेजारच्या प्रांतातल्या योशिनो नदीचं पाणी डोंगराला बोगदा पाडून इकडे आणलं आहे.

दुसऱ्याच्या नदीचं पाणी म्हटल्यावर लातूरच्या माणसाला घर आठवणारच. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. बाहेर येऊन त्याला ते झाकण दाखवलं. तो दुकानात होता, हातात तार. मी नेहमीसारखा भडाभडा बोलत सुटलो. उदोन, यादोन, तळी, साडेअकराशे मिलिमीटर.

"साडेअकराशे? मग दुष्काळ कसला?" हे मात्र लगेच आलं. आमच्याकडे त्याहून बराच कमी पडतो.

मग शांतता. मी फोन ठेवायच्या बेतात होतो. का कोण जाणे, थांबलो. कदाचित झाकणावरचा तो समोर होता म्हणून.

"त्याच्या जांभईने पाऊस पडतो," दादा म्हणाला.

"कोणाच्या?"

"याच्या. विहिरीजवळ पाटी होती की. चारशे वर्षांमागं दुष्काळ पडला होता, याने जांभई दिली अन् पाऊस आला. पाऊस पाडणारी विहीर म्हणतात तिला. तू वाचली नव्हतीस का?"

नव्हती वाचली. मी बटण दाबून पुढे गेलो होतो. त्या गावात स्लोपोकला का जपतात, शेपटी कापणं हा तिथे एवढा मोठा गुन्हा का आहे, गोष्ट कशाबद्दल आहे, हे सगळं त्या पाटीवर होतं, आणि ते फक्त दादाने वाचलं होतं. दुष्काळी गावात वाढलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने डिक्शनरीत शब्द शोधून शोधून वाचलं होतं की पाऊस आणणारा प्राणी असा असतो. बावळट, गुलाबी, कुणाच्याच खिजगणतीत नसलेला.

पुन्हा शांतता. या वेळी मी मुद्दाम थांबलो.

"आपला बावन्नला होता," दादा म्हणाला.

मला दोन क्षण लागले. बावन्नावी लेव्हल. म्हणजे सदतीसपासून पुढे पंधरा-सोळा वेळा त्याने 'बी' दाबलं होतं. आणि ते सगळं मी एका दुपारी पुसून टाकलं होतं, आणि तो "असू दे" म्हणाला होता, आणि सोळा वर्षांनी, समुद्रापलीकडून, कसलीही तक्रार न करता, नुसता आकडा सांगत होता.

तिथे फुटपाथवर उभ्या उभ्या मला पोकेडेक्समधलं ते वाक्य आठवलं. मला ते कायम असं ऐकू आलं होतं: याला दुखत नाही. पण लिहिलं तसं नव्हतंच. पाच सेकंद लागतात असं लिहिलं होतं. म्हणजे दुखतं. पूर्ण दुखतं. फक्त पोचायला वेळ लागतो, आणि तोवर मारणारा निघून गेलेला असतो, याला काही झालं नाही असा समज घेऊन.

नंतर मी बाकीच्या नोंदी शोधून वाचल्या. एका गेममध्ये लिहिलंय की शेपटीला कुणी चावलं तरी याला दुखत नाही. दुसऱ्यात आहे की चावल्याचं दिवसभर कळत नाही. पाच सेकंद, एक दिवस, कधीच नाही. लिहिणाऱ्यांचंच एकमत नाही. पण शेपटी कापणाऱ्याला सोयीची नोंद कोणती, हे सांगायला नको. त्याला लागतंय कुठे, असं म्हटलं की कोयता चालवायला मोकळे. टीम रॉकेटला मी लहानपणी व्हिलन समजत होतो. युक्तिवाद मात्र त्यांचा आणि माझा एकच होता.

तेव्हा माझं बदललेलं मत असं. संथपणा ही छुपी ताकद असते, कासव शेवटी जिंकतं, असलं काही मला म्हणायचं नाही. स्लोपोक जिंकत नाही. त्याचा वेग आजही १५ आहे. मी एवढंच म्हणतो की उशिरा येणारं उत्तर हे न आलेलं उत्तर नसतं. मी आयुष्यभर दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला निकाल लावून उठून जात होतो.

मी फार सुधारलोय असंही नाही. मुलीला शाळेच्या बसला उशीर होतो तेव्हा माझ्या तोंडून "मंद" बाहेर पडतोच, फक्त आता अर्ध्यात गिळतो. दादाशी फोनवर बोलताना मात्र प्रश्न विचारून झाला की मनात पाच अंक मोजतो. बहुतेक वेळा चारला उत्तर येतं. इतकंच अंतर होतं.

हे सगळं लिहून छापायला द्यायचं ठरलं तेव्हा दादाला विचारलं, आईचं लिहू का? फोनवर काही बोलला नाही. मी पाचापर्यंत मोजलं, दहापर्यंत मोजलं, मग म्हटलं, "बरं, सवडीने सांग." एक आठवडा गेला, दुसरा गेला. लेख द्यायची तारीख आली. मी एकदा आठवण केली तर म्हणाला, "घाई कशाला करलालास?"

परवा रात्री साडेअकराला मेसेज आला. "जांभईचं नीट लिही. आईचं थोडंच लिही."

तसंच केलं आहे.